सावलीतला तपकिरी फ्लायकॅचर: रंग सोडा, खालची चोच पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंबोलीला हिरण्यकेशीच्या बाजूच्या जंगलात, वहाळाच्या काठी, चिमणीपेक्षा लहान असा मातकट तपकिरी पक्षी तुम्हाला दिसला. तीन फोटो मिळाले, तिन्ही गर्द सावलीतले. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ‘एशियन ब्राउन फ्लायकॅचर’, म्हणजे तपकिरी माशीमार, असं सांगितलं. सोबतच्या दोघांनी ‘ब्राउन-ब्रेस्टेड’, म्हणजे तपकिरी छातीचा माशीमार, असं म्हटलं. तिसऱ्याच्या मते ती निळ्या माशीमारांपैकी एकाची मादी होती. आता यादीत नेमकं काय लिहायचं, आणि एवढ्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत फरक करायचा तरी कसा, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते. तुमच्या तिसऱ्या फोटोवरून मला तो तपकिरी छातीचा माशीमार वाटतो, आणि बऱ्यापैकी खात्रीने वाटतो. पण एक गोष्ट अजून दिसायची राहिली आहे, ती पुढे सांगते. दुसऱ्या भागाचं उत्तर लांबलचक आहे, कारण अ‍ॅप आणि तीन जाणती माणसं मिळून एकाच पक्ष्याला तीन नावं मिळाली याचं कारण पक्षी अवघड होता एवढंच नाही. सगळ्यांनीच आधी रंग पाहिला, आणि घाटातल्या सदाहरित रानात रंगावर जाल तर फसाल.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेली सव्वीस वर्षं मी सिंधुदुर्ग, दक्षिण कोल्हापूर आणि गोव्याच्या घाटमाथ्यावर हिवाळ्यात पक्षी बघते. काही वर्षांपूर्वी एका वहाळावर एकच माशीमार कारवीच्या सावलीतून उडून दोन हातांवरच्या उन्हातल्या दगडावर येऊन बसला. दोन फोटोंत जेमतेम दहा सेकंदांचं अंतर. कारवीतल्या फोटोत त्याची पाठ शेवाळी हिरवट, छाती काळपट. दगडावरच्या फोटोत पाठ गरम तपकिरी आणि पोट जवळजवळ पांढरं. मी ते दोन फोटो शिबिरात मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवते, तेव्हा बहुतेक मुलं दोन वेगळी नावं सांगतात. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने त्यावर उपाय करायला जातो, आणि ह्या सगळ्यात पक्ष्याचा खरा रंग हरवतो. म्हणून फोटो पाहताना मी आधी पक्ष्याकडे बघतच नाही. फोटोत एखादा पांढरट दगड, पाण्याचा फेस, कोरडी साल असं काही आहे का ते शोधते. तेच हिरवं दिसत असेल, तर पक्ष्याचा रंग बाजूला ठेवायचा. तुमच्या पहिल्या फोटोत मागे दगडफूल आहे. ते असतं राखाडी पांढरं, इथे पोपटी दिसतंय. म्हणजे ‘छाती तपकिरी दिसते’ हा मुद्दा, माझ्या मताच्या बाजूचा असला तरी, मी पुराव्यात धरत नाही.

मग काय धरायचं? उजेड कसाही असला तरी न बदलणाऱ्या गोष्टी. गडद कुठे आणि फिकट कुठे, सीमा कुठे पडते, रेघ आहे की नाही. हे पक्षी ओळखायची खरी जागा म्हणजे मूठभरसुद्धा नसलेला तो चेहरा.

आधी नावाचं थोडं. मराठीत ह्यांना कुणी माशीमार म्हणतं, कुणी लिटकुरी, आणि बोलताना आपण सगळेच फ्लायकॅचर म्हणतो. तपकिरी आणि तपकिरी छातीचा हे दोन्ही पक्षी ज्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, मोडतात तिचं शास्त्रीय नाव ‘मुस्सिकापा’. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ माशी पकडणारा असाच. ह्या नावातच त्यांच्या शरीराची सगळी ठेवण आली आहे. चोच मुळाशी रुंद आणि चपटी, तोंडाच्या कडांना राठ केस, आणि डोळा डोक्याच्या मानाने मोठा. फांदीवर गप्प बसायचं, उडता किडा दिसला की झेप घ्यायची, चोचीत पकडायचा, परत यायचं. जो पक्षी अंधाऱ्या जागी हे करतो त्याला डोळा मोठा लागणारच. तपकिरी छातीच्या माशीमाराकडे समोरून पाहिलं की आधी डोळेच दिसतात, बाकीचा पक्षी मागून लक्षात येतो.

आता चेहरा, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

डोळ्याभोवतीचं पांढुरकं कडं दोघांनाही असतं. पुष्कळ जण तिथेच अडकतात. ‘कडं ठळक दिसलं म्हणून ब्राउन-ब्रेस्टेड’ असं ऐकू येतं. तपकिरी छातीच्या माशीमाराचं कडं अधिक ठळक असतं हे खरं, पण तपकिरी माशीमाराचंही चांगलं दिसण्याइतकं असतं. डोळा आणि चोच यांच्या मधली जागाही दोघांची फिकट असते. म्हणजे ह्या दोन खुणांनी तुम्ही ‘हा मुस्सिकापा आहे’ इथपर्यंत पोहोचता, पुढे नाही.

पुढे नेणारी पहिली खूण म्हणजे खालची चोच. वरची चोच दोघांचीही गडद. पण खालची चोच तपकिरी माशीमाराची फक्त मुळाशी पिवळसर असते आणि टोकाकडे काळी होत जाते. तपकिरी छातीच्या माशीमाराची खालची चोच जवळजवळ सगळी फिकट पिवळी. लांबून, नीट कोनातून पाहिलं तर चोचीच्या खाली पिवळी पट्टी टोकापर्यंत ओढल्यासारखी दिसते. तुमचे पहिले दोन फोटो इथे उपयोगाचे नाहीत. पहिल्यात पक्षी थेट समोर बघतोय, दुसऱ्यात पाठ आहे. तिसऱ्यात मात्र तो मान किंचित वर करून बसला आहे, आणि खालची चोच टोकापर्यंत उजळ दिसते. तो फोटो मी मोठा करून, मग काळा-पांढरा करूनही पाहिला. रंग काढून टाकला तरी वरची चोच काळी आणि खालची फिकट, अगदी टोकापर्यंत. उजेडाचा खेळ असता तर वरच्या चोचीवरही तो दिसला असता. ही युक्ती तुम्हीही करून बघा. रंग घालवला की डोळा आपोआप गडद-फिकट शोधू लागतो.

दुसरी खूण म्हणजे मिशी. तपकिरी छातीच्या माशीमाराचा गळा पांढरा असतो, आणि त्या पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंना चोचीच्या मुळापासून खाली उतरणारी एक गडद रेघ असते. खाली छातीवर तपकिरी रंग आडवा पसरलेला असल्यामुळे गळ्याचा पांढरा भाग तीन बाजूंनी कोंडल्यासारखा दिसतो, लहान मुलाच्या गळ्यात लाळेरं बांधावं तसा. तपकिरी माशीमाराला असं कोंडलेलं पांढरं नसतं. त्याचा गळा, छाती, पोट एकातून एक मिसळत जातात, छातीवर फारतर राखाडी मळकटपणा. तुमच्या पहिल्या फोटोत, जो समोरून आहे, हे लाळेरं मला दिसतंय. उजवीकडची रेघ स्पष्ट आहे, डावीकडची पानाच्या सावलीत गेली आहे. सावलीची रेघ आणि पिसांची रेघ यात गल्लत होऊ शकते, म्हणून एकट्या त्या फोटोवर मी नाव दिलं नसतं. पण तिसऱ्या फोटोत बाजूनेही तीच रेघ त्याच जागी आहे. दोन वेगळ्या कोनांतून एकाच जागी आली, म्हणजे ती पक्ष्याची आहे.

तिसरी खूण पाय, आणि हीच तुमच्या फोटोत राहिली आहे. तपकिरी माशीमाराचे पाय काळे, तपकिरी छातीच्याचे फिकट, मांसल पिवळट. फरक इतका स्वच्छ आहे की पाय दिसले तर वाद उरत नाही. फक्त एक सावधगिरी बाळगायची. वहाळाकाठी चिखल असतो आणि सावलीत फिकट पायही काळपट दिसतात. त्यामुळे ‘पाय फिकट दिसले’ हे मी मानते, ‘पाय काळे दिसले’ हे सावलीत लगेच मानत नाही. फिकट पाय काळे भासू शकतात, काळे पाय फिकट सहसा भासत नाहीत.

पंख आणि शेपटी मी जाणूनबुजून मागे ठेवली. तपकिरी छातीच्या माशीमाराच्या पंखांच्या पिसांना तांबूस कडा असतात आणि शेपटीतही तांबूस झाक असते. तुमच्या दुसऱ्या, पाठमोऱ्या फोटोत ती झाक आहे असं मला वाटतं. ‘वाटतं’ हा शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण हा पुन्हा रंगाचा मुद्दा, आणि तुमच्या फोटोतला हिरवा उजेड आपण पाहिला आहे.

चेहऱ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात: ‘तो गुडघ्याएवढ्या उंचीवर बसला होता आणि बराच वेळ हललाच नाही.’ हे वाक्य मला अ‍ॅपच्या टक्केवारीपेक्षा मोलाचं वाटतं. तपकिरी माशीमार बहुतेक वेळा मधल्या किंवा वरच्या उंचीवर असतो, रानाच्या कडेला, मोकळ्या जागेवर आलेल्या वाळक्या फांदीवर. तो ताठ बसतो, हवेत झेप घेतो, परत येतो, आणि बसता बसता शेपूट थरथरवतो. गावाशेजारच्या आमराईत, जुन्या बंगल्याच्या आवारात, शहरातल्या बागेतही तो हिवाळाभर राहतो. तपकिरी छातीचा माशीमार दाट रानाच्या पोटात, ओहोळाकाठच्या झुडपांत, जमिनीपासून हात-दीड हातावर असतो. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हालचाल करतो. दुपारी तुम्ही त्याच्यापासून सहा फुटांवरून गेलात तरी तो उडत नाही, आणि तुम्हाला कळतही नाही.

मला हे पहिल्यांदा सांगितलं ते चौकुळच्या एका काकांनी. त्यांना इंग्रजी नावं माहीत नव्हती, मराठी पुस्तकी नावंही नव्हती. जळणासाठी रानात जाऊन जाऊन त्यांना पक्ष्यांच्या जागा पाठ झालेल्या. मी दोन्ही पक्ष्यांना एकच समजून वहीत खुणा करत होते, तेव्हा त्यांनी वर जांभळाच्या वाळक्या फांदीकडे बोट केलं, मग खाली वहाळाकडे, आणि म्हणाले, “वयलो वेगळो, खालचो वेगळो.” मी हसून सोडून दिलं नाही, म्हणून आज हे लिहिते आहे. त्या दिवशी खालच्यासाठी दीड तास बसले, आणि पिवळी चोच मला पहिल्यांदा नीट दिसली.

अर्थात जागेवरूनच नाव ठरवायचं नाही. स्थलांतराच्या दिवसांत दमलेला पक्षी कुठेही उतरतो. ऑक्टोबरात मी तपकिरी छातीचा माशीमार किनारपट्टीच्या गावात, एका परसातल्या केळीखाली पाहिला आहे. उलट वारा सुटला किंवा आभाळ दाटलं की तपकिरी माशीमारही खाली येतो. उंची हा सुगावा आहे, एवढंच.

आता तारखेकडे येऊ. तपकिरी छातीचा माशीमार ईशान्य भारतातल्या डोंगरांत, उत्तर म्यानमार आणि दक्षिण चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिण भारताच्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत येतो. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल हे त्याचे आपल्याकडचे दिवस, त्यामुळे तुमचा नोव्हेंबर अगदी बसतो. दक्षिणेकडे केरळात तो जितका सहज भेटतो तितका आपल्याकडे नाही, म्हणून इकडची प्रत्येक नीट नोंद कामाची. त्याचं शास्त्रीय नाव मुस्सिकापा मुत्तुई. १८५४ मध्ये एडगर लेयार्ड ह्या श्रीलंकेत नोकरी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं आपल्या नोकराचं, मुत्तूचं. लेयार्डला मिळालेले कितीतरी चांगले पक्षी ह्या मुत्तूने चिकाटीने शोधून आणले होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. साहेबांची, राण्यांची नावं मिरवणाऱ्या पक्ष्यांच्या गर्दीत रानात खरोखर फिरणाऱ्या माणसाचं नाव ह्या झुडपात लपणाऱ्या पक्ष्याला मिळालं, ह्याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. मुत्तू म्हटलं की चौकुळचे काका आठवतात.

तपकिरी माशीमाराची गोष्ट वेगळी. तो सायबेरिया, जपान आणि हिमालयात वीण करतो, आणि त्याचं ‘डाउरिका’ हे नाव बैकल सरोवराच्या पूर्वेकडच्या डाउरिया प्रदेशावरून आलं. पण त्याच्या एका उपजातीचं नाव ‘पूनेन्सिस’ आहे, म्हणजे आपलं पुणे! दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये ते दिलं. हिवाळी पाहुण्यांखेरीज मध्य भारताच्या आणि सह्याद्रीच्या काही भागांत हा पक्षी थोड्या प्रमाणात वीणही करतो. त्यामुळे मे महिन्यात घाटात तपकिरी माशीमार दिसला तर ‘अशक्य’ म्हणून खोडू नका. मे महिन्यात तपकिरी छातीचा दिसल्याचं कुणी सांगितलं तर मात्र मी फोटो मागेन.

तिसऱ्या मित्राचं मत सोडून देऊ नका, त्यामागे विचार आहे. आंबोलीच्या त्याच सावलीत, त्याच उंचीवर पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादी असते. तो सह्याद्रीचा स्वतःचा पक्षी, जगात दुसरीकडे नाही. मादी निळी नसतेच. पाठ तपकिरी, शेपूट तांबूस, पोट पांढरं. सावलीत ती फसवते. पण तिचा गळा आणि छाती नारिंगी असतात, गळ्यावर पांढरं लाळेरं नसतं आणि मिशीची रेघही नसते. रंग विसरा असं मी वर म्हटलं, तरी इथे रंग लागत नाही. गळा छातीपेक्षा स्पष्ट उजळ आहे की दोन्ही सारखे आहेत, एवढंच बघायचं. तुमच्या फोटोत गळा उजळ आहे. टिकेलच्या निळ्या माशीमाराच्या मादीलाही ह्याच कारणाने बाद करता येतं, शिवाय तिच्या पाठीवर आणि शेपटीवर निळसर छटा असते.

बाकीचे उमेदवार पटकन उरकते. लाल छातीच्या माशीमाराची मादी हिवाळ्यात सगळीकडे असते, पण तिची शेपूट काळी, मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरी, आणि ती सारखी वर उचलते, सोबत ‘टर्रर्र’ असा आवाज. ठिपकेवाला माशीमार सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेच्या वाटेवर पश्चिम भारतातून जातो, त्याच्या कपाळावर आणि छातीवर रेघा असतात. तांबड्या शेपटीचा माशीमार हा मात्र खरा पेच. तो पश्चिम हिमालयात वीण करून कर्नाटक-केरळातल्या सह्याद्रीत हिवाळा काढतो, म्हणजे जाता-येता आपल्या डोक्यावरूनच जातो. त्याचीही खालची चोच फिकट. पण त्याचा चेहरा कोरा असतो, कडं पुसट, मिशी नाही, आणि शेपूट व कंबर इतकी तांबडी की उडताना लख्खकन डोळ्यात भरते. तुमच्या पक्ष्याची मिशी त्याला बाद करते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण वर लिहिलेलं वाचून सगळं सोपं वाटू नये. पहिल्या हिवाळ्यातल्या तरुण पक्ष्यांच्या पंखावर फिकट टोकांची नक्षी उरलेली असते, तिने पंख वेगळाच दिसतो. मार्चपर्यंत पिसं झिजतात, तांबूस कडा उडून जातात, छातीचा पट्टा फिका पडतो. पक्षी पिसं फुलवून बसला की मिशी मिटते. खालची चोच वरून पाहिली तर दिसतच नाही, आणि खालून, आकाशाच्या उजेडासमोर, सगळंच काळं दिसतं. म्हणून मी स्वतःला एक नियम घातला आहे: चोच, मिशी, पाय यांपैकी दोन गोष्टी, दोन वेगळ्या क्षणी दिसल्या तर नाव लिहायचं. एकच दिसली तर नावापुढे प्रश्नचिन्ह. एकही नाही तर वहीत ‘मुस्सिकापा, जात नक्की नाही’. असं लिहिण्यात कमीपणा काही नाही. माझ्या सुरुवातीच्या सात-आठ वर्षांच्या वह्यांत घाटातला प्रत्येक मळकट माशीमार मी ‘तपकिरी’ म्हणून लिहिला होता. काकांच्या त्या दिवसानंतर जुन्या नोंदी काढून बसले. ज्यांचे फोटो किंवा चोचीचं वर्णन होतं त्या दुरुस्त केल्या, बाकीच्यांतलं जातीचं नाव खोडलं. फार जिवावर आलं, कारण त्यात काही आवडते दिवस होते. पण चुकीचं नाव ठेवून पुढच्या कुणाला तरी ‘इथे पूर्वी हा होता’ असं वाटायला लावणं मला पटलं नाही.

अ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलंत. मी वापरते, आणि शहरातल्या पक्ष्यांसाठी ती चांगली चालतात. पण ती तुम्ही दिलेल्या फोटोलाच उत्तर देतात. ह्या दोघांपैकी उन्हात, फांदीवर बसलेला तपकिरी माशीमारच जास्त लोकांना दिसतो आणि त्याचेच फोटो जास्त निघतात. सावलीतल्या अस्पष्ट फोटोला सगळ्यांत ओळखीचं नाव मिळालं तर नवल नाही. तुम्ही फक्त तिसरा फोटो, चेहरा मधोमध ठेवून कापून देऊन बघा. उत्तर बदलेलही. पण बदललं तरी ते माझ्यासाठी नवा पुरावा नाही, कारण तोच फोटो आपण दोघांनी पाहिला आहे.

परत जाणार असाल, आणि जावं असं मला मनापासून वाटतं, तर ह्या पक्ष्याच्या मागे फिरू नका. त्याच जागी, वहाळापासून दहा-बारा पावलांवर, पाठ झाडाला टेकून बसा. सकाळी उजाडायच्या सुमारास किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. आवाज वाजवून बोलावू नका. हिवाळ्यात त्याला पोट भरायचं असतं, त्याची जागा हेच त्याचं धन असतं, आणि आपल्या मोबाइलमधल्या आवाजाशी भांडण्यात त्याची संध्याकाळ जाते. काही करावं लागत नाही. मागच्या डिसेंबरात मी अशीच बसले होते. आधी अर्धा तास काहीच नाही, फक्त पाण्याचा आवाज आणि वर कुठेतरी शेकरूची खसपस. मग समोरच्या वाळक्या कारवीच्या काडीवर, जिथे मी इतका वेळ बघत होते तिथेच, दोन डोळे दिसले. तो आला कधी कळलं नाही, बहुधा आधीपासून होता. त्याने मान तिरकी केली, खाली ओल्या पानावर झेपावला, काहीतरी उचललं आणि दुसऱ्या काडीवर बसला. चोचीत एक बारीक पतंग होता, पंखांची पांढरी भुकटी त्याच्या मिशीला लागलेली. त्याने काडीवर चोच दोनदा घासली, आणि तेव्हा ती खालून पिवळी चमकली. पाय काडीच्या काळ्या सालीवर इतके फिकट दिसत होते की दुर्बिणीची गरज नव्हती. नंतर अंधार पडेपर्यंत त्याने त्या चार-पाच काड्या सोडल्या नाहीत. त्याच वहाळावर मला सलग चार हिवाळे एक तपकिरी छातीचा माशीमार दिसतो आहे. तोच पक्षी आहे का, हे पायात कडी घातल्याशिवाय सांगता येणार नाही. पण जागा तीच, काड्यासुद्धा जवळपास त्याच.

म्हणूनच ती झुडपं महत्त्वाची आहेत. वहाळाच्या काठची कारवी, वेली, पडलेली फांदी हे आपल्याला ‘कचरा’ दिसतं, पर्यटकांना बसायला म्हणून ते साफ केलं जातं, आणि वरची मोठी झाडं तशीच असल्याने जंगल शाबूत आहे असं वाटतं. माझ्या पाहण्यातल्या एका वहाळाचा काठ असाच साफ झाला. वरचा तपकिरी माशीमार आहे तिथेच राहिला. खालचा त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मला तिथे दिसला नाही. दोन हिवाळे म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, पण नोंदी नीट नसत्या आणि दोघांना मी एकच समजत राहिले असते, तर एवढंही कळलं नसतं.

तर तुमच्या पक्ष्याबद्दल: खालची चोच टोकापर्यंत फिकट, मिशी दोन कोनांतून एकाच जागी, गळा छातीपेक्षा स्पष्ट उजळ, गुडघ्याएवढी उंची, वहाळ, नोव्हेंबर. माझ्या नियमाने दोन गोष्टी पूर्ण झाल्या. यादीत ‘तपकिरी छातीचा माशीमार’ लिहा, तिन्ही फोटो जोडा, आणि शेऱ्यात ‘खालची चोच पूर्ण फिकट, मिशीची रेघ स्पष्ट, पाय दिसले नाहीत’ असं स्वच्छ लिहा. उंची आणि किती वेळ बसला होता तेही लिहा.

आणि एक विनंती. तिसऱ्या फोटोत डावा पाय पानाआड आहे, पण पानाच्या कडेखाली एका बोटाचं टोक दिसतंय असं मला वाटतं. तुम्ही पाठवलेली प्रत लहान केलेली आहे, तिच्यात ते चार ठिपक्यांपलीकडे जात नाही. कॅमेऱ्यातली मूळ फाइल असेल तर तेवढा कोपरा कापून इथेच टाका, उजेड-बिजेड काही न बदलता.